रुमालाखालचा हात

पाटोदा तालुक्यात पन्नाशीच्या आतला असा एक पुरुष दाखवा, ज्याचा हात मी धरलेला नाही. हे वाक्य मी एकदा लग्नाच्या पंगतीत मोठ्यानं म्हणाले, तेव्हा आमच्या ह्यांच्या घशात जिलेबी अडकली. ते वाण्याचे. मीही वाण्याचीच, गळ्यात लिंग आणि कपाळाला विभूती दोघांच्याही. पण त्यांनी जन्मभर किराणा दुकानात बसून साखरेबरोबर शब्दसुद्धा तोलून दिले, आणि मी पडले घाटनांदूरची. आमच्याकडं शब्द पोत्यानं देतात. वाढपी बुंदीचं घमेलं घेऊन जागच्या जागी थांबला. मग मी पुढचं वाक्य सोडलं, "पहिलीत अ गिरवायला धरला आणि चौथीत छडी द्यायला धरला. विचारा कुणालाबी."

कुणी विचारलं नाही. पण चार-दोन मोठमोठ्या माणसांनी आपला उजवा हात हळूच मांडीखाली सरकवला, ते मी बघितलं.

छडीचं शास्त्र असं की पोरगं हात पुढं करतं, डोळे मिटतं आणि ऐन वेळी हात मागं घेतं. छडी लागते आपल्याच गुडघ्याला. म्हणून आधी त्याचा अख्खा पंजा आपल्या मुठीत गच्च धरायचा आणि एक हिसका द्यायचा. त्या हिसक्यानंच अर्धं काम होतं. पोराला कळतं की आता सुटका नाही, आणि सहाचा पाढा आपोआप आठवतो. पुढचं आताच्या कायद्यात बसत नाही, म्हणून सांगत नाही. मी सगळी नोकरी ह्याच तालुक्यात केली आणि पुढं मुठीची अशी सवय झाली, की बँकेत पेन धरलं तरी मॅनेजर दचकायचा.

माझ्या आवाजाबद्दलही लोक उगाच वाढवून सांगतात. म्हणे मी शाळेच्या ओट्यावरून हजेरी घ्यायला लागले की रस्त्यानं जाणारी एसटी थांबायची आणि ड्रायव्हर "हजर बाई" म्हणून पुढं निघायचा. साफ खोटं आहे. असं एकदाच झालं होतं, आणि तो ड्रायव्हर माझाच विद्यार्थी होता.

ह्या एवढ्या हातांमध्ये एक हात असा, की तो मी धरला नाही. धरूच दिला नाही तिनं. बागवानाची पोर. बापाचा फळांचा धंदा. पहिल्या दिवशी बाप तिला शाळेत घेऊन आला तेव्हा रडत होता तो, ही नाही. मी पाटी दिली, अ गिरवायला तिचा हात धरायला गेले, तर म्हणाली, "सोडा. मला येतंय." आणि तिनं जे काही काढलं त्याला पोट होतं, शेपूट होतं, वर दोन शिंगंही होती.

"हा अ हाय का गं?" मी विचारलं.

"हौ. आमच्या घरचा."

छत्तीस पोरांच्या वर्गात पहिल्यांदा मी कुणाची पाटी न पुसता परत दिली. त्या दिवसापासून आमचं जुळलं. जुळलं म्हणजे भांडण जुळलं. चौथीपर्यंत ती माझ्या वर्गात भांडली, पुढं हायस्कुलात गेली तरी संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून भांडायची. दहावीनंतर तिच्या अब्बांनी शाळा बंद करायचं ठरवलं, तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन बसले. नुसती बसले. "काय म्हणता बाई?" तर, काही नाही, बसलेय. चहा झाला, जेवण झालं. तिची अम्मी म्हणाली, "बाई, आणखी कवर?" मी म्हणाले, "आता ईदचा शीरखुर्मा खाऊनच उठते." ईदला आठ महिने होते. अब्बा उठले आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात नाव घालून आले.

पुढं तिचं लग्न झालं, गेवराईला. दोन वर्षांत परत आली. का आली हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आल्या दिवशी पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या दाराचा रंग लई वाईट हाय." मला बरं वाटलं. पोरगी मोडलेली नव्हती.

आता बाजाराचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

पावसाळा सरला की आमचा डोंगर सीताफळाच्या रूपानं पाटोद्याच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारात, उतरतो. सीताफळाच्या खवल्यांमधली फट पिवळसर झाली की डोळा उघडला म्हणायचं. डोळा उघडला की तोडायचं, आणि तोडलं की दोन दिवसांत खायचं, नाहीतर माशांना द्यायचं. त्यामुळं डोंगरातल्या बायका उजाडायच्या आत डोक्यावर पाट्या घेऊन उतरतात, आडत्यांच्या ओट्यांवर ओततात, आणि पुण्या-मुंबईकडच्या गाड्या उन्हाच्या आत भरून निघतात. सगळा खेळ दोन-तीन तासांचा.

सौदा व्हायचा तो रुमालाखाली. आडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहणार, हातात हात देणार, वरून रुमाल पडणार, आणि बोटं बोलणार. एक बोट धरलं तर पाटीला शंभर, दोन धरली तर दोनशे. अख्खा पंजा धरला तर त्या दिवसाचा सगळ्यात वरचा भाव, आणि पंजा धरून हिसका दिला तर समोरच्या अख्ख्या ढिगाचा सौदा पक्का. मग जीव गेला तरी शब्द फिरत नाही. म्हणजे बोट फिरत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे.

कायद्यानं ही पद्धत बंद आहे. तसं बाजाराच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलंच आहे. त्याच भिंतीला टेकून लोक रुमाल टाकायचे. आणि ज्यांनी काटे-कुसळं सोसून फळं तोडली त्या बायका दोन हात लांब उभ्या राहून त्या हलणाऱ्या रुमालाकडं बघत राहायच्या. रुमाल उचलला की आडत्या सांगेल तो भाव. खरा किती झाला, ते रुमालाला ठाऊक.

माझ्या विद्यार्थिनीच्या अब्बांची बोटं त्या बाजारात नावाजलेली होती. माणूस सचोटीचा. रुमालाखाली जे व्हायचं तेच वर सांगायचे, त्यामुळं डोंगरातल्या पुष्कळ बायका त्यांच्याच ओट्यावर यायच्या. त्यांचं बोट धरून लोकांनी बंगले बांधले. आणि मग एका सकाळी नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला बसले असताना त्यांचा उजवा हात गेला. लकवा. तोंड वाचलं, पाय वाचले, डोकं तर पहिल्यापेक्षा तेज चालायला लागलं. हात तेवढा खांद्यापासून ओल्या टॉवेलसारखा लोंबायला लागला. डाव्या हाताचा सौदा कुणी धरत नाही. अपशकून.

पोरगा नव्हता. पोरगी होती. नुसतं नाकाजवळ नेऊन कोणतं फळ उद्या पिकेल आणि कोणतं परवा, हे सांगणारी. ती ओट्यावर जाऊन बसली. खरेदीदार आले, रुमाल खांद्यावरून काढला, तिच्याकडं बघितलं, रुमाल परत खांद्यावर टाकला आणि शेजारच्या ओट्यावर गेले.

हात कुणाचा धरायचा?

आमच्या गावात देव वेगळे, सण वेगळे, पक्ष वेगळे, एकाच गल्लीत दोन पक्षांचे तीन गट. पण ह्या एका गोष्टीवर सगळ्या जातीधर्मांची अशी एकी झाली, की कुण्या पुढाऱ्यानं बघितली असती तर आनंदानं रडला असता. मोहल्ल्यातले म्हणाले, गैरमर्दाच्या हातात पोरीचा हात? खरेदीदार म्हणाले, आमच्या बायकांना कळलं तर भाकरी मिळायची न्हाई. अब्बांनाही ते नको होतं. आणि तिलाही नको होतं, पण तिला कुणी विचारलंच नाही.

शेजारच्या ओट्याचा आडत्या माझा विद्यार्थी. चौथीत दोन वर्षं माझ्या हाताखाली होता, कारण त्याला माझा वर्ग सोडवेना, असं तो म्हणतो. आता पोट सुटलेलं, बोटात अंगठ्या, पण माणूस वाईट नाही. त्यानं अब्बांना अगदी अदबीनं सांगितलं, "चाचा, ओटा माज्याकडं द्या. तुमी घरी आराम करा. भाडं घरपोच." दसऱ्यापर्यंत ओट्यावर सौदा झाला नाही तर द्यायचा, असं बोलणं झालं. दसरा आठ दिवसांवर होता.

त्या दुपारी ती पायरीवर येऊन बसली. भांडली नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"बाई, मी तोंडानं इकते म्हणाले. हर्रास करते. ज्याला घ्यायचं त्यानं मोठ्यानं बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. हाताला हातच लावायचा न्हाई."

"मग?"

"कुणी पहिलं बोलंना. हसायलेत. म्हणतेत, मोंढ्यात काय गाण्याच्या भेंड्या खेळायच्या का."

"आणि त्यानं ओटा घेतला म्हणजे?"

"म्हणजे काय? मी घरी. गेवराईहून घरी, आता बाजारातून घरी. घर एवढंसं हाय, बाई. लई घरी आले मी."

आतून आमचे हे म्हणाले, "पोरीला सांग जरा धीरानं घे म्हणून. आन तू ह्यात पडू नको. रिटायर झालीस, आता देवाचं बघ."

"देव काय पळून चाललाय का?" मी म्हणाले. "त्याचं काय उद्या सकाळी बाजारात काम न्हाई. माझं हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी बाजारात. हिरवी काठाची साडी, पायात रबरी चप्पल. मी शिरले तसा बाजारातला आवाज निम्मा झाला. हमालांनी विड्या पाठीमागं लपवल्या. एक खरेदीदार, मिशीवाला, अंगानं रेड्यासारखा, नमस्कार करून म्हणाला, "बाई, मी शिकलो हो पुढं. बीयेपर्यंत." मी म्हणाले, "विचारलं का मी?"

तिच्या ओट्यावर डोंगरातल्या चार-पाच बायकांच्या पाट्या होत्या, अब्बांच्या जुन्या ओळखीच्या. अब्बा मागं पोत्यावर बसलेले, मेलेला हात मांडीवर. ओट्यासमोर माणूस नाही. शेजारी मात्र माझ्या विद्यार्थ्याच्या ओट्यापुढं जत्रा. त्याच्यामागं अख्खा टेम्पोभर माल ओतलेला, हिरव्या मेंढरांचा कळप बसावा तसा.

तो लगबगीनं आला. "बाई, तुमी कावून आलाव? सांगितलं असतं तर दोन पाट्या घरपोच केल्या असत्या की."

"सीताफळं घ्यायला आले. हिच्याकडून कुणी कावून घेईना रे?"

त्यानं मान खाजवली. "आता बाई... तुमाला काय सांगायचं. बाईमाणसाच्या हाताला हात कोण लावणार?"

"मी बाईमाणूस न्हाई का?"

"तुमी बाई हाव. बाईमाणूस न्हाई."

सगळे हसले. ह्या असल्या हसण्याची मला शाळेपासून सवय आहे. शेवटच्या बाकावरून येतं, आणि पहिल्या बाकावर पोचेपर्यंत विझवायचं असतं. मी त्याच्या ओट्यावर चढले. "मग हात काढ. आन टाक रुमाल. मी सौदा करते."

"बाई, चेष्टा..."

"टाक."

मागून कुणीतरी ओरडलं, "टाक बे! बाई सांगायलीत!" त्यानं इकडं तिकडं बघितलं. नाही म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर म्हातारीच्या हाताला भ्याला म्हणून पोळ्यापर्यंत लोकांनी चिडवलं असतं. त्यानं हसत हसत खांद्यावरचा रुमाल काढला. त्याचा हिशोब साधा असणार, बाईला एक पाटी द्यायची, एका बोटाच्या भावानं, आणि घरी लावून द्यायचं. रुमाल पडला. आत त्याचा हात आला. मऊ, घामेजलेला, अंगठ्यांचा. मी चाचपला. आणि कसं कोण जाणे, तो हात जरासा मागं सरकला.

बस्स. मी अख्खा पंजा गच्च धरला आणि हिसका दिला.

त्याचे डोळे मिटले. ओठ हलले, सहाचा पाढा असावा. मग डोळे उघडले आणि त्याच्या तोंडावरचा रंग असा उतरला, जसा रंगपंचमीनंतर भिंतीवरून उतरतो.

"बाई," तो कुजबुजला, "सौदा झाला."

"झाला की."

"पंजा धरला तुमी. अख्ख्या ढिगाला. वरचा भाव."

बाजारात "झाला! झाला!" म्हणून गलका उठला. बातमी माझ्याआधी आमच्या दुकानात पोचली. आमचे हे म्हणे गूळ तोलत होते. ऐकलं आणि गुळाची ढेप गिऱ्हाइकाच्या पायावर ठेवली. टेम्पोभर सीताफळं, डोळे उघडलेली, पाटोद्यानं कधी ऐकला नव्हता असल्या भावानं, एका रिटायर मास्तरणीच्या मालकीची. आणि घरात खाणारी माणसं दोन, त्यातल्या एकाला साखर.

लोक अजून म्हणतात, बाईची चूक झाली, छडीच्या सवयीनं हात धरला. म्हणू द्या. आणखी काही जण म्हणतात, बाईनं आदल्या दिवशी त्या पोरीकडून सगळी बोटं शिकून घेतली होती. त्यांनाही म्हणू द्या. मी एवढंच सांगते, की जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तपासल्या आहेत, आणि माझी तपासायला अजून कुणी जन्मलेलं नाही.

"बाई, मोडू का सौदा?" त्यानं हळूच विचारलं. "तुमच्यासाठी मोडतो."

"शब्द फिरतो का ह्या बाजारात?"

"न्हाई."

"मग माल तिच्या ओट्यावर न्हेऊन ओत. माझा माल हाय, मी कुणाकडूनबी इकीन."

आता बघा कसं झालं. त्या दिवसाचा चांगला माल जवळजवळ सगळा एका ओट्यावर आला. पुण्याच्या गाड्या रिकाम्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागलेले, ऊन चढायला लागलेलं. आणि माझ्या विद्यार्थ्याची पंचाईत अशी, की माल विकला गेला नाही तर त्याचे पैसे बुडणार, आणि भर बाजारात आपल्या बाईकडं पैसे मागायची त्याची छाती नाही. तेव्हा हा माल खपावा म्हणून पाटोद्यात कुणी सगळ्यात जास्त देव पाण्यात घातले असतील, तर त्यानं. जो ओटा घ्यायला निघाला होता, तोच क्रेट उलटा करून म्हणाला, "ताई, ह्यावर उभ्या ऱ्हावा. मागच्यांना दिसाव्या."

अब्बा मागून म्हणाले, "बाई, ये क्या किया तुमने? सगळा गाव बघायलाय."

"बघायलाच पायजे," मी म्हणाले. "रुमाल उचललाय आता."

ती क्रेटवर चढली. मी हात कमरेवर ठेवून खाली उभी. मला वाटलं, आता ही माझ्यासारखी ओरडणार. माझी विद्यार्थिनी, माझा आवाज, बीडपर्यंत जाणार. मी कानाची तयारी केली होती. आणि ही बया बोलली ती अशी, जसं शेजारणीला विरजण मागावं.

"हा डोंगरकिन्हीकडचा माल. उद्या पिकंल. बोला."

काय म्हणाली ते पहिल्या रांगेला ऐकू आलं, दुसरीला नाही. दुसरी रांग पुढं सरकली. तिसऱ्यानं दुसऱ्याला ढकललं. "काय म्हणाली? काय म्हणाली?" मी न राहवून म्हणाले, "अगं मोठ्यानं!" तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "बाई, तुमी गप ऱ्हावा," म्हणाली, तशीच हळू. माझ्याच बाजारात, माझ्याच मालावर उभी राहून. मला इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं.

पण हमाल गप्प झाले. हॉर्न थांबले. तिचं ऐकायचं तर सगळ्यांना गप्प बसावं लागत होतं, आणि गप्प बसलेला बाजार मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

बोटांना बोलायची सवय, तोंडाला लाज वाटत होती. बीयेपर्यंत शिकलेल्या त्या मिशीवाल्यानं शेवटी खाली बघत, नवरीनं नाव घ्यावं तसा, एक भाव पुटपुटला. भाव इतका कमी होता, की सीताफळांनी डोळे परत मिटले असतील.

"एकांनी बोलले," ती म्हणाली, आणि तो भाव सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला. "ह्यांच्या वर कोण?"

आणि तिथं एक मजा झाली. रुमालाखाली कमी भाव सांगताना कुणाला लाज वाटत नाही, कारण दिसत नाही. इथं तो भाव त्याच्या तोंडासमोर हवेत लोंबत राहिला, आणि लोक त्याच्याकडं बघायला लागले. एक पुण्याचा खरेदीदार फिसकन हसला. मिशीवाल्यानं मान वर केली. "मग तुमी बोला की! आलाव मोठे पुण्याचे!" पुणेवाला बोलला. मिशीवाला त्याच्या वर बोलला. माझा विद्यार्थी पाठीमागून दोघांनाही चिथवत होता, "अरे, बाईचा माल हाय! बाईनं तुमाला पाढे शिकवलेत, त्याची तरी लाज धरा!" पुणेवाल्याला मी काही शिकवलं नव्हतं, पण तोही लाजला.

मी मागं वळून बघितलं. अब्बा पोत्यावर तसेच बसलेले, डोळे मिटून. लेक एकेक भाव बोलत होती, आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवरच्या मेलेल्या हाताची बोटं धरत होती. एक. दोन. परत दोन. तीन. ती जिथं थांबायला पाहिजे तिथंच थांबली, तेव्हा त्यांनी अख्खा पंजा धरला.

माझा माल गेला. नफा झाला की तोटा, ते आमच्या ह्यांना विचारू नका. ते अजून जेवताना उसासा टाकतात. मग तिनं डोंगरातल्या बायकांच्या पाट्यांची एकेक करून हर्रास केली. त्या बायका दोन हात लांब उभ्या होत्या त्या कधी क्रेटपाशी आल्या, कुणाला कळलं नाही. त्या भाव ऐकत होत्या. स्वतःच्या फळांचा भाव, होताना.

आता कुणाला वाटेल की झालं, सगळा बाजार सुधारला. काही नाही. दुसऱ्या दिवशी रुमाल परत खांद्यांवरून उतरले. दोन-तीन आडत्यांनी तर हात-हातभर नवे घेतले, मुद्दाम. खरेदीदारांनी तिच्या ओट्याकडं पाठ केली, आणि कुणीतरी मोहल्ल्यात जाऊन अब्बांना म्हणालं, पोरीला भर बाजारात उभी केली, वाण्याच्या बाईच्या नादानं. मला म्हणालं असतं तर मी उत्तर दिलं असतं. म्हणून मला कुणी म्हणालं नाही.

पण एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. आदल्या दिवशी ज्या चार-पाच बायकांनी आपला भाव कानानं ऐकला, त्या डोंगरात परत गेल्या, आणि डोंगरात बातमी एसटीनं जात नाही, विहिरीवरून जाते. दोन दिवसांनी उजाडताना बघावं तर डोंगराकडच्या रस्त्यानं पाट्याच पाट्या. शेजारच्या ओट्यांवरून थांबा-थांबा, इकडं या मावशी, चहा घ्या मावशी. आणि मावश्या आपल्या सरळ तिच्या ओट्यावर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिचा ओटा भरून माल खाली रस्त्यावर आला. ज्याला सीताफळ पाहिजे, त्याला तिथंच यायचं होतं. ज्याला रुमाल पाहिजे, त्यानं रुमाल घेऊन जावं.

ओटा देण्याचं बोलणं माझ्या विद्यार्थ्यानं परत काढलं नाही. उलट मला रस्त्यात गाठून म्हणाला, "बाई, त्या दिवशी हात लई जोरात धरला तुमी. अजून दुखतोय." मी म्हणाले, "दाखव." तो हात पाठीमागं घेऊन निघून गेला.

हे सगळं पहिल्या हंगामातलं. मी आता रोज जात नाही. ती येऊ देत नाही. म्हणते, तुमी आलाव की गिऱ्हाईक पाढे म्हणायला लागतं. तरी परवा गेले होते, भांडायचं राहिलं होतं म्हणून. बाजार ऐन भरात. ती क्रेटवर, अब्बा मागं खुर्चीवर, आणि खाली एक डोंगरातली बाई, मला अनोळखी, नऊवारीचा काष्टा, पायात काही नाही, समोर तिच्या दोन पाट्या. फळं अशी की बघत राहावं. एका पुण्याच्या खरेदीदारानं भाव बोलला. वर कुणी बोलेना. क्रेटवरून माझ्या विद्यार्थिनीनं दोनदा विचारलं.

"झाला," खरेदीदार म्हणाला आणि पाटीला हात घातला.

"न्हाई देत," ती बाई म्हणाली.

त्याला वाटलं दुसरं कुणीतरी बोललं. त्यानं मागं बघितलं. मग खाली बघितलं. "मावशी, भाव झालाय. हर्रास हाय ही."

"ऐकला की भाव. एवढ्याला न्हाई देत."

बाजारात असं कधी झालं नव्हतं. रुमालाखाली झालेल्या भावाला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं, कारण तो ऐकूच येत नव्हता. आणि ऐकू यायला लागल्यावर नाही म्हणता येतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. हमाल, आडते, ड्रायव्हर, सगळे क्रेटकडं बघायला लागले. खरेदीदार तिलाच म्हणाला, "ताई, सांगा की ह्यांना."

"काय सांगू?" माझी विद्यार्थिनी म्हणाली, त्याच तिच्या हळू आवाजात. "मालकीण न्हाई म्हणायलीत. पुढं बोला."

त्यानं पाटीतला हात काढला. त्यानं जन्मात कधी माल तोडणाऱ्या बाईला भाव विचारला नसावा; कसा विचारायचा हेही त्याला माहीत नसावं. मग तो तिच्यासमोर गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

"बरं मावशी," म्हणाला, "तुमीच बोला."

मावशीनं पदर खोचला आणि बोलली.